दिसते ती धूळ वेगळी, बाधते ती वेगळी: गावात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

मी अमरावतीहून लग्न होऊन विदर्भातल्याच वणी तालुक्यातल्या एका गावात आले, तेव्हा आईनं दोनच गोष्टी बजावल्या होत्या: उन्हात डोक्याला बांधल्याशिवाय निघायचं नाही आणि पाणी भरपूर प्यायचं. धुळीचं कोणीच बोललं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर काढायला गेले, तर धरली तिथं माझ्या बोटांचे ठसे उठले. सासूबाई छपरीतून म्हणाल्या, "झटकून घे न, कोळशाच्या गाड्या चालतात रोडनं." मी झटकली. चांगली चारदा झटकली, तीही नाकासमोर धरून.

पुढं चार वर्षांनी सासूबाईंना दम लागायला लागला. तालुक्याला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बिडी ओढता का? बाई चिडल्याच. "बिडी काहून पिऊ मी बाप्पा? हात नाही लावला कधी." मग त्यांनी विचारलं, चूल किती वर्षं फुंकली? त्यावर सासूबाई गप्प बसून बोटं मोजायला लागल्या. चाळीसच्या पुढं गेल्यावर मोजणं सोडलं. आजाराचं नाव निघालं सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आवळत जाणारा फुफ्फुसाचा आजार.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागं आहे. बदली होऊन आलेले गुरुजी, बँकेत नव्यानं लागलेली मुलगी, पुण्याची नोकरी सोडून वावर करायला परतलेला मुलगा, लग्न होऊन आलेली सून, हे सगळे मला तेच ते विचारतात. म्हणून एकदाचं लिहून काढते. शहरातल्या प्रदूषणावर लिहिलेलं भरपूर मिळतं. त्यातलं निम्मं आपल्याकडं लागू पडत नाही, कारण तिथं धूळ माणसाकडं चालून येते आणि इथं आपण स्वतःच तिच्या तोंडाशी जाऊन बसतो.

आधी धूळ ओळखा

गाडीमागं उठणारा फुफाटा, थ्रेशरमधून उडणारं कुटार, नाक शिंकरल्यावर रुमालावर उमटणारा काळा डाग, ही सगळी जाड धूळ. ती नाकातल्या केसांत आणि घशातल्या चिकटपणात अडकते, खोकल्यातून, शेंबडातून बाहेर पडते. तिचा त्रास होतो, पण तिचा बंदोबस्त शरीराला ठाऊक आहे.

बारीक धुळीचा तसा बंदोबस्त नाही. तिचं नाव पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या रुंदीत असे वीस-पंचवीस कण ओळीनं बसतील. ते नाकात अडकत नाहीत. थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या बारीक फुग्यांपर्यंत जातात आणि त्यातले अगदी लहान कण रक्तातही उतरतात. म्हणून हे दुखणं खोकल्यापुरतं राहत नाही. हृदयविकाराचा झटका, लकवा, पोटातल्या बाळाचं वजन कमी भरणं, इथवर त्याचे हात पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१३ साली बाहेरच्या हवेतल्या या कणांना कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं.

ढोबळ हिशेब असा ठेवा: घासण्या-दळण्यातून, मातीतून उडते ती बहुतेक जाड, जळण्यातून निघते ती बारीक. चूल, पऱ्हाटीचा म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा ढीग, डिझेल, कोळसा, कचऱ्यातलं प्लॅस्टिक. फुफाट्यानं डोळे भरले की आपण तोंडाला दुपट्टा बांधतो, आणि चुलीसमोर मात्र तोच दुपट्टा सोडून बसतो. उलटं व्हायला पाहिजे.

पहिली पायरी: सात दिवस एक वही

काहीही विकत घ्यायच्या आधी हे करा. लेकरांच्या जुन्या वहीचं एक पान घ्या आणि आठवडाभर फक्त लिहा: धूर किंवा धूळ कधी होती, कशाची होती, मी तिच्यापासून किती पावलांवर होतो आणि किती वेळ. बस.

माझ्या पानावर काय निघालं ते सांगते. मला वाटायचं आपला वैरी म्हणजे रस्त्यावरचे कोळशाचे हायवा, ते मोठे ट्रक. वहीत निघालं वेगळंच. सकाळी साडेपाच ते सात, आंघोळीच्या पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर, मी दोन हातांवर. संध्याकाळी भाकरी, दीड तास, एका हातावर. रात्री डासांची कॉइल, आठ तास, पलंगाखाली. हायवाचा रस्ता घरापासून तीनशे पावलं लांब. तो निर्दोष आहे असं नाही, त्याच्याकडं शेवटी येऊच. पण आधी माझ्या हाताच्या अंतरावर काय चाललंय ते बघणं भाग होतं.

तुमच्या पानावर दुसरं काही निघेल. भंडारा-गोंदियाकडं असाल तर राइस मिलचा कोंडा आणि धान कापल्यावर बांधीत जाळलेली धसकटं. गडचिरोलीकडं मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तोच विस्तव पुढं जंगलात वणवा होऊन पसरतो. हिंगणघाट, अकोट, वणी या कापसाच्या गावांत जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचा फुसका. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, तिरोडा, पारसच्या आसपास वीज केंद्राची राख. प्रत्येक गावाचं दुखणं थोडं निराळं, म्हणून वही.

दुसरी पायरी: आकडा वाचा, पण त्याच्या भरवशावर राहू नका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं ॲप आहे. त्यात हवेचा निर्देशांक दिसतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अति वाईट आणि त्यापुढं गंभीर. हा आकडा म्हणजे मायक्रोग्रॅम नव्हे, ही गल्लत भलेभले करतात. एक घनमीटर हवेत पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम असले की निर्देशांक १०० होतो. आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा हीच, ६०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा १५ आहे. म्हणजे ॲपवर हिरवट रंगात 'समाधानकारक' दिसलं तरी दम्याच्या माणसानं फार समाधान मानायचं कारण नाही.

गावातल्या माणसाला दोन अडचणी. एक, मोजणारं यंत्र नागपूर, चंद्रपूरसारख्या ठिकाणी असतं आणि आपलं गाव तिथून पन्नास-साठ किलोमीटर लांब. दुसरी मोठी: या कणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. तुम्ही थ्रेशरच्या ढगात दोन तास उभे असाल त्याची यंत्राला खबरही नसते.

मग डोळे वापरा. अंधाऱ्या खोलीत कवेलूच्या फटीतून उन्हाची तिरीप येते, तिच्यात काय तरंगतंय ते बघा. रोज दिसणारी टेकडी किंवा पाण्याची टाकी आज किती पुसट आहे ते बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी गावावर जो पांढरा पट्टा पसरतो त्याला सगळे धुई म्हणतात. धुईला वास नसतो. धुराचा वास आला, घसा खवखवला, तर ती नुसती धुई नव्हे. थंडीत जमिनीजवळची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालते, आणि सगळ्या गावाच्या चुलींचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. म्हणून हिवाळ्यात पहाटे पाचला फिरायला जाणाऱ्यांना माझं सांगणं असतं, ऊन चढू द्या, नऊनंतर निघा. पहाटेची हवा शुद्ध असते हे आपण शाळेपासून ऐकलं. पावसाळ्यात खरं आहे, हिवाळ्यात गावठाणात नाही.

तिसरी पायरी: चूल

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथं फरक सगळ्यात मोठा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या धुरामुळं २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. हवा खेळत नसलेल्या घरात हे कण सुरक्षित पातळीच्या शंभरपट जाऊ शकतात, असंही तीच संघटना सांगते. दिल्लीच्या बातम्या बघून हळहळणाऱ्या घरात संध्याकाळी सात वाजता दिल्लीपेक्षा वाईट हवा असते, आणि ती बाईच्या नाकापुढं असते. पाठीवर बांधलेल्या लेकराच्याही.

"गॅस घ्या" म्हणून मोकळं होणारे लोक गावात राहत नाहीत. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, शेगडी बहुतेक घरांत पोचली. पण सिलिंडर भरायचा पैसा सोयाबीन विकल्यावर येतो आणि पऱ्हाटी धुऱ्यावर फुकट पडलेली असते. म्हणून गॅसवर चहा, चुलीवर बाकी सगळं. ते मान्य करूनच पुढं जाऊ. काय आधी हलवायचं याचा क्रम मी असा लावला:

आधी आंघोळीचं पाणी. चव-चोखंदळपणाचा इथं प्रश्नच नाही. भाकरीची चव चुलीवरच, हे सासूबाई शेवटपर्यंत सोडणार नाहीत. पाण्याला कोण चव बघतं? पाण्याची चूल घरातून उचलून अंगणात, न्हाणीच्या पलीकडं मांडली. उन्हाळ्यात काळा रंग दिलेला ड्रम टिनावर ठेवला की पाणी नुसत्या उन्हात पोळतं. सकाळचा दीड तास धूर घरातून गेला, आणि पैसा लागला शून्य.

मग जे जास्त वेळ शिजतं ते. तुरीची डाळ रात्री भिजत घातली, कुकरला लावली, की गॅसही फार लागत नाही. चुलीवर दोन तास रटरटत राहण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. महिन्याचा हिशेब करून बघा.

भाकरी-पोळी राहिली तर राहू द्या, पण चुलीची जागा बदला. छपरीत, एका बाजूनं उघडी, आणि चूल भिंतीच्या अशा अंगाला की धूर बाईच्या तोंडावर न येता बाहेर जाईल. घरातच ठेवायची असेल तर वर धुराडं पाहिजे आणि ते कवेलूच्या किंवा टिनाच्या वर निघालेलं पाहिजे. अनेक घरांत धुराडं छपराच्या आतच संपतं, म्हणजे धूर नुसता वरच्या खोलीत पाठवला. महिन्यातून एकदा काठीला फडकं बांधून त्यातली काजळी काढा.

जळणाचंही आहे. ओलं लाकूड आणि गोवरी सगळ्यात जास्त धूर करतात. लाकूड कोरडं, बारीक फोडलेलं, आणि चुलीच्या तोंडात ठासून न भरता मध्ये हवा जाईल असं. पावसाळ्यासाठी दोन भारे तुराट्या मेच्या आतच छपराखाली रचून ठेवा, म्हणजे जुलैत चूल पेटवायला पन्नी आणि टायरचा तुकडा शोधावा लागत नाही. पन्नी पेटवून चूल लावणं हे मी या गावात पाहिलेलं सगळ्यात घातक काम, आणि ते सगळ्यांच्या घरी चालतं. माझ्याही घरी चालायचं.

लेकरू, गरोदर बाई आणि दम्याचा माणूस पेटवण्याच्या आणि विझवण्याच्या वेळी चुलीपाशी नको. जाळ धडाडून पेटलेला असतो तेव्हा धूर कमी. पेटताना आणि धुमसताना जास्त. विझवायची तर पाणी मारून एकदाची विझवा, रात्रभर धुमसत ठेवू नका.

एक धोक्याची गोष्ट, धुळीपलीकडची. थंडीत घमेल्यात विस्तव घेऊन खोलीत, दार लावून झोपायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

रोडग्यांबद्दल कोणीतरी विचारणारच. वर्षातून दोन-चारदा वावरात गोवऱ्यांवर रोडगे लागतात, वांग्याची भाजी होते, ते मी कोणाला बंद करायला सांगणार नाही. मलाच आवडतात. वाऱ्याच्या अंगानं बसा म्हणजे झालं.

चौथी पायरी: थ्रेशरचा दिवस

ऑक्टोबरात सोयाबीन, जानेवारी-फेब्रुवारीत तूर, मार्चमध्ये गहू-हरभरा. वावरात नवीन असणाऱ्याला या दिवशी सगळ्यात पुढं उभं राहायची हौस असते. आमच्याकडं पुण्याहून परतलेला दीर पहिल्या वर्षी थ्रेशरच्या तोंडाशी सलग चार तास पेंढ्या टाकत राहिला. संध्याकाळी ताप, थंडी, छातीत दाटून आलेलं. सगळे म्हणाले मलेरिया. रक्त तपासलं, मलेरिया नव्हता. दोन दिवसांत उतरलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

पावसात भिजून बुरशी आलेलं सोयाबीन किंवा कुटार हाताळलं की बुरशीचे बारीक कण फुफ्फुसात जातात आणि काही माणसांत चार ते आठ तासांनी ताप, थंडी, खोकला सुरू होतो. वारंवार झालं तर फुफ्फुस कायमचं कडक होतं. डॉक्टरला "ताप आला" एवढंच सांगू नका. सकाळी थ्रेशरवर होतो, हे आवर्जून सांगा. त्याशिवाय तो बिचारा मलेरियाच शोधणार.

यंत्र मांडायच्या आधी मूठभर कुटार वर फेकून वारा बघा. उपणणी हातानं व्हायची तेव्हा वारा बघितल्याशिवाय कोणी सूप उचलत नसे. यंत्र आलं आणि आपण ते विसरलो. ट्रॅक्टर जिथं वळला तिथं थ्रेशर लावतो. कुटार फेकणारं तोंड वारा जातो त्या दिशेला, माणसं वारा येतो त्या अंगाला, ट्रॅक्टरचा सायलेन्सर माणसांपासून लांब. घर, विहीर, गोठा कुटाराच्या मार्गात नको. भोवतीची जमीन आदल्या संध्याकाळी शिंपून ठेवली तर पायाखालची धूळ बसते.

तोंडावर उभा राहणारा माणूस अर्ध्या तासानं बदला. चार जणांत पाळी लावली की कोणा एकाचा छातीचा भाता निकामी होत नाही.

आणि लोंबता दुपट्टा, पदर, गमछा अजिबात नको. पट्ट्यात अडकून हात गेल्याच्या, जीव गेल्याच्या घटना दरवर्षी ऐकतो. तोंडाला बांधायचं ते घट्ट बसणारं, म्हणजे मास्क. डोळ्याला साधा गॉगल.

काम संपलं की कपडे अंगणातच काढा, आंघोळ करा, मगच लेकराला घ्या. लेकरू धावत येतं आणि बाप धुळीच्या शर्टानंच उचलतो, हे दृश्य गोड असलं तरी.

पाचवी पायरी: मास्क

दुपट्टा ऊन अडवतो, जाड धूळ बरीच अडवतो, बारीक धूळ जवळपास नाहीच. ओला केला तरी फार फरक नाही, वर श्वास घ्यायला जड. सर्जिकल मास्क बाजूनं उघडा असतो. बारीक कणांसाठी एन९५ किंवा एफएफपी२ लागतो. एन९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवणारा. एफएफपी२ किमान ९४ टक्के. भारतीय मानकाचा क्रमांक आयएस ९४७३, तो मास्कवर किंवा पाकिटावर छापलेला बघून घ्या. बाजारात एन९५ लिहिलेली कापडी पिशवीही मिळते.

पट्टे डोक्यामागून जाणारे असतील तर उत्तम. कानातले ढिले पडतात. नाकावरची तार दोन्ही बोटांनी दाबून बसवा, दोन्ही तळवे मास्कवर ठेवा आणि जोरात श्वास सोडा. डोळ्याकडं किंवा गालाकडं वारा लागला तर मास्क बसलेला नाही. दाढी असेल तर बसणारच नाही, मग कितीही महाग असो.

धुऊ नका. आतल्या थरावर विजेचा भार असतो, कण त्यालाच चिकटतात. साबण-पाण्यानं तो जातो आणि उरतं नुसतं फडकं. आमच्या घरी पहिले तीन मास्क सासूबाईंनी प्रेमानं धुऊन दोरीवर घातले होते. कागदी पाकिटात ठेवा, मळला, दमट झाला किंवा श्वास ओढायला जड जायला लागला की टाका.

मेमध्ये नवतप्यात मास्क घालून कष्टाचं काम करा असं मी म्हणणार नाही. ऊन आधी मारेल. धुळीचं काम सकाळीच उरकून घ्या. ज्याला आधीच दम आहे त्यानं मास्क लावून गुदमरल्यासारखं झालं तर काढावा आणि धुळीपासूनच लांब व्हावं.

सहावी पायरी: घर आणि रस्ता

हे पटकन. झाडायच्या आधी पाण्याचा हबका, किंवा थेट ओलं फडकं. सारवलेली जमीन ओलसर असेपर्यंत धूळ धरून ठेवते. पोपडे निघायला लागले की तीच उडते, तेव्हा वेळेवर सारवा. भावाची वाट बघत कापूस घरात भरून ठेवला असेल तर त्या खोलीत झोपू नका. अंगाला खाज येते ती आपल्याला कळते, छातीत जातं ते कळत नाही. कॉइलऐवजी मच्छरदाणी. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असं मोजलेलं आहे. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं का, असं बँकेतल्या मुलीनं विचारलं होतं. कवेलूचं घर, सतरा फटी आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. माझं उत्तर, नको. खिडक्या पक्क्या लागणारी एक खोली असेल आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचं घ्यावं.

कोळशाच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवताना हायवाच्या मागं चिकटून जाऊ नका. धूळ खाली बसू द्या, पन्नास-साठ पावलं मागं राहा, काचेचं हेल्मेट घाला. घराची रस्त्याकडची खिडकी गाड्यांच्या वेळेत बंद, दुपारी उघडी.

आणि गूळ. जिनिंगमध्ये, खाणीवर सगळीकडं सांगतात, गूळ खा, धूळ उतरते. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात. दोघांची कधी भेटच होत नाही. घशाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी खा.

सातवी पायरी: शरीर काय सांगतं

दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर तो धुळीचाच असेल असं धरून चालू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी फुकट होते, क्षयरोग आहे की नाही ते कळतं. गिट्टी खदानीवर, दगड फोडण्यावर काम केलेल्यांनी तर आधी जावं. दगडाची धूळ खाल्लेल्या फुफ्फुसाला टीबी लवकर धरतो. जिनिंगमध्ये काम करत असाल आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळत असेल, मग आठवडाभरात कमी होत असेल, तर ती कापसाच्या धुळीची ओळखीची खूण आहे. डॉक्टरला तशीच सांगा.

दम्याच्या पंपाला, म्हणजे इनहेलरला घाबरू नका. "एकदा लागला की सुटत नाही बाई," हे वाक्य मी आमच्या छपरीत बसून शंभरदा ऐकलंय. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. तीच गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस पट. पंप थेट जागेवर पोचतो म्हणून इतकंसं पुरतं. स्टिरॉइडचा पंप असेल तर घेतल्यावर चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. सासूबाई पंप आता बटव्यात ठेवतात, तंबाखूच्या जागी. हो, तंबाखू होती, डॉक्टरनं ते विचारलं नव्हतं.

लहान लेकराचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला शिका, ते शांत असताना, पोटाकडं बघत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास असतील तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मोठा माणूस एक वाक्य पूर्ण बोलू शकत नसेल, तर आशाताईची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

आठवी पायरी: जे आपल्या एकट्याच्या हातात नाही

राख, कोळसा, खदान यांचं काय करायचं? रागानं रस्ता अडवला की एक दिवस टँकर येतो, पाणी मारतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही तेही करून पाहिलं. त्यापेक्षा कागद टिकाऊ.

ताडपत्री न झाकलेल्या गाडीचा फोटो, नंबर दिसेल असा, तारीख-वेळ लिहून. असे पंधरा दिवसांचे फोटो जमवा. सोबत ज्या वावरात पऱ्हाटीच्या पानांवर काळा थर बसलाय तिथला फोटो, आणि कापसाला भाव कमी मिळाल्याची पावती असेल तर तीही. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं. विदर्भात नागपूर, चंद्रपूर आणि अमरावतीला त्यांची प्रादेशिक कार्यालयं आहेत. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याचा उल्लेख अर्जात करा. मागणी मोघम नको. "प्रदूषण थांबवा" लिहिलं की उत्तरही तसंच येतं. "अमुक फाटा ते अमुक पूल, दिवसातून तीनदा पाणी, प्रत्येक गाडीला ताडपत्री, रस्त्याची कड पक्की" असं लिहा.

खाणीच्या पट्ट्यात असाल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी हे नाव ध्यानात ठेवा. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीनं तो आला, खाणीमुळं बाधित गावांसाठीच आहे, आणि आरोग्य, पाणी, पर्यावरण ही त्यातली प्राधान्याची कामं. दम्याच्या तपासणीचं शिबिर, उपकेंद्रात औषधाची वाफ देणारं नेब्युलायझर, शाळेभोवती भिंत आणि झाडांची रांग, हे त्यातून मागता येतं. पण त्याआधी ग्रामसभेत ठराव पाहिजे, आणि ग्रामसभेला बायका पाहिजेत. आमच्या ग्रामसभेत रस्त्याच्या धुळीवर दोन तास भाषणं झाली. मी उठून म्हटलं, अंगणवाडीत पोषण आहार अजून चुलीवर शिजतो आणि लेकरं त्याच खोलीत बसतात, त्याचा ठराव आधी घ्या. सरपंच माझ्याकडं बघत राहिले. मागून सासूबाईंचा आवाज आला, "लिहा न मग."

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यायची. बाबू म्हणेल साहेब नाहीत, ठेवून जा. ठेवून जायचं नाही, शिक्का होईस्तोवर तिथंच बसायचं. डबा सोबत न्या.